ट्रेन ऑफ थॉट : तुटलेला विचार लिहायचा कसा

‘आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट’, म्हणजे माझ्या विचारांची रांग मधेच तुटली. इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी माणसाच्या हातून हे सहा शब्दांचं वाक्य किती तऱ्हांनी बिघडतं! कुणी ‘मिस्ड माय ट्रेन ऑफ थॉट’ लिहितं, कारण आपल्याकडे गाडी हरवत नाही, चुकते. कुणी ‘थॉट्स’ लिहितं, कारण डोक्यात विचार काही एकच नसतो. कुणी ‘लूझिंग’मध्ये एक ‘ओ’ जास्त घालतं. आणि पुष्कळदा व्याकरण अगदी चोख असतं, पण वाक्य जिथे घातलंय तिथलं ते नसतंच. फोन आला, गॅसवरची भाजी करपली, आणि लेखक लिहून मोकळा होतो की ट्रेन ऑफ थॉट हरवली. स्पेलिंगची चूक कुणीही दुरुस्त करून देईल. ही शेवटची चूक मात्र लिहिणाऱ्यालाच कळावी लागते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

या वाक्प्रचारात विचार विसरला जात नाही, दोन विचारांमधला दुवा सुटतो. म्हणून तो वापरण्याआधी एवढंच पाहावं: त्या माणसाच्या मनात त्या घडीला एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे विचार चालू होते का? चालू असतील आणि मधेच तुटले असतील, तरच हे वाक्य. दूध आणायचं राहून गेलं असेल तर इंग्रजीत ‘इट स्लिप्ड माय माइंड’. नाव ओठांवर येऊन अडलं असेल तर ‘इट्स ऑन द टिप ऑफ माय टंग’. आपल्याकडे जे ओठांवर असतं ते त्यांच्याकडे जिभेच्या टोकावर. पुस्तकातली ओळ सुटली तर ‘लॉस्ट माय प्लेस’. विणकामातले टाके मोजताना आकडा चुकला तर ‘लॉस्ट काउंट’. वेळेचं भान राहिलं नाही तर ‘लॉस्ट ट्रॅक ऑफ टाइम’, आणि इथे ‘ट्रॅक’च्या आधी ‘द’ घालायचा नाही. करपलेल्या भाजीला यातलं काहीच लागू नाही; तिथे साधं ‘आय गॉट डिस्ट्रॅक्टेड’ पुरे.

मग खरी ट्रेन ऑफ थॉट दिसते कशी? तिचं उत्तम उदाहरण साडेतीनशे वर्षांहून जुनं आहे. थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्याचा ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ १६५१ साली छापला गेला. तेव्हा इकडे शिवाजी महाराज २१ वर्षांचे होते. त्यातलं तिसरं प्रकरण मनातल्या विचारांच्या याच रांगेवर आहे, आणि तिला हॉब्ज ‘ट्रेन’च म्हणतो. तो एक प्रसंग सांगतो. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाबद्दल गप्पा चालल्या आहेत आणि मधेच एकजण विचारतो, रोमन पेनीची किंमत किती होती हो? ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाचं लक्ष नाही. पण हॉब्ज सांधे उलगडून दाखवतो. युद्धावरून मनात आलं की राजाला त्याच्या शत्रूंच्या हवाली केलं गेलं. १६४७ च्या जानेवारीत स्कॉटिश सैन्याने पहिल्या चार्ल्सला इंग्लिश पार्लमेंटच्या ताब्यात दिलं होतं, त्याच सुमारास त्या सैन्याच्या थकलेल्या पगाराचे पैसेही मिळाले होते. त्यावरून आठवला येशू ख्रिस्ताला धरून देणारा विश्वासघात. त्यावरून त्या विश्वासघाताचं मोल, चांदीची तीस नाणी. आणि नाण्यांवरून तो खोचक प्रश्न. हॉब्ज पुढे म्हणतो, हे सारं एका क्षणात घडलं, कारण विचार वेगवान असतो.

यात दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. पहिली अशी की बाहेरून जे लक्ष उडाल्यासारखं दिसतं ते आतून अगदी सांधेसूद असू शकतं. कथेत एखादं पात्र मधेच भलतंच बोलतं तेव्हा त्याची ट्रेन ऑफ थॉट हरवलेली असेलच असं नाही. ऐकणारा ती पकडू शकला नसेल. अशा वेळी वाक्य ऐकणाऱ्याच्या तोंडी जातं आणि क्रियापद बदलतं: ‘आय काँट फॉलो युअर ट्रेन ऑफ थॉट.’ दुसरी गोष्ट कालक्रमाची. हॉब्जने हे लिहिलं तेव्हा जगात वाफेची आगगाडी नव्हती. इंग्लंडात वाफेवरची पहिली सार्वजनिक आगगाडी धावली १८२५ मध्ये, बोरीबंदरहून ठाण्याला १८५३ मध्ये. या वाक्प्रचारातली ट्रेन रुळांवरची नाही, आणि म्हणूनच ती ‘मिस’ होत नाही. ‘मिस्ड’ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दादरचा फलाट असतो. तो फलाट तिथे नाहीच.

ट्रेन म्हणजे मुळात ओढलं जाणारं, मागून येणारं. राजामागचा लवाजमा ही ट्रेन. गोव्यात किंवा वसईत ख्रिस्ती लग्नात नवरीच्या झग्याचं जमिनीवर लोळत मागे येणारं लांब टोक असतं, त्यालाही ट्रेनच म्हणतात, आणि ही शब्दाची जुनी मानलेली छटा आजही वापरात आहे. उंटांची, खेचरांची रांग ही ट्रेन. इंजिनामागे डब्यांची रांग लागली तेव्हा ती ‘ट्रेन ऑफ कॅरेजेस’ झाली, आणि पुढचे शब्द गळून नुसती ट्रेन उरली. थोडक्यात, ट्रेन ऑफ थॉट ही आगगाडीची थोरली बहीण आहे. हे एकदा डोक्यात बसलं की क्रियापदं आपोआप नीट येतात: रांग मोडते, तुटते, सुटते, तिचा माग काढता येतो, ती पकडायला मात्र धावत जावं लागत नाही.

आता बारकावे. ‘थॉट’ एकवचनी ठेवायचं. हॉब्जने स्वतः अनेकवचन लिहिलं होतं, पण आजची रूढी एकवचनाची आहे. मग ‘ट्रेन ऑफ इव्हेंट्स’मध्ये अनेकवचन कसं चालतं, असा प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. घटना सुट्या मोजता येतात. इथला ‘थॉट’ म्हणजे सुटा विचार नव्हे, विचार करणं ही क्रिया. पाण्याला जसं अनेकवचन लागत नाही तसं तिलाही नाही. रांगाच अनेक असतील तर ‘एस’ रांगेला लागतो: ‘टू ट्रेन्स ऑफ थॉट’. क्रियापदही रांगेप्रमाणे चालतं, म्हणून ‘हिज ट्रेन ऑफ थॉट वॉज’, कधीच ‘वेअर’ नाही. मधे संयोगचिन्ह नको.

‘माय’ महत्त्वाचं आहे. ‘आय लॉस्ट द ट्रेन ऑफ थॉट’ व्याकरणात नापास होणार नाही, पण इंग्रजी कानाला ते परकं लागतं. ज्याची रांग त्याचं सर्वनाम: ‘शी लॉस्ट हर’, ‘दे लॉस्ट देअर’. ‘थ्रेड’च्या बाबतीत नेमकं उलट. तिथे ‘द’ हवा, ‘लॉस्ट द थ्रेड’, कारण तो धागा गोष्टीचा किंवा संभाषणाचा असतो, बोलणाऱ्याच्या मालकीचा नसतो. सभेत दोघांनी मिळून विषयाचा धागा सोडला असेल तर ‘थ्रेड’. एका माणसाच्या डोक्यातलं तुटलं असेल तर ‘ट्रेन’.

स्पेलिंगमध्ये तीन खड्डे आहेत. ‘लूझ’ म्हणजे हरवणं, एल-ओ-एस-ई. ‘लूस’ म्हणजे सैल, एल-ओ-ओ-एस-ई. मराठी तोंडात दोन्ही ‘लूज’च होतात, नटबोल्ट लूज पडतो आणि मॅचही लूज होते. कान मदतीला येत नाही, डोळ्यांनीच पाहावं लागतं. ‘लॉस्ट’ या भूतकाळी रूपात घोळ होत नाही, घोळ होतो तो ‘लूझिंग’मध्ये, म्हणून तिथे थांबून ‘ओ’ मोजावा. दुसरा खड्डा: ‘थॉट’च्या शेवटचा ‘टी’ सुटला की उरतो ‘दो’, म्हणजे ‘जरी’. तोही शब्दकोशातला बिनचूक शब्द, त्यामुळे स्पेलिंग तपासणारा प्रोग्राम तो बऱ्याचदा तसाच जाऊ देतो. छापून आलेल्या मजकुरातही ही चूक दिसते. तिसरा खड्डा: मन भटकतं ते ‘वाँडर’, ‘ए’ने; मनाला नवल किंवा प्रश्न पडतो ते ‘वंडर’, ‘ओ’ने. ‘माय माइंड वाँडर्ड’ म्हणजे मन भरकटलं. हे मन आपणहून भटकतं, त्याला कुणी भटकवत नाही, म्हणून ‘माय माइंड वॉज वाँडर्ड’ असं कर्मणी रूप होत नाही.

कर्ता कोण, हा प्रश्न या सगळ्या वाक्प्रचारांत सर्वांत जास्त चुकवतो. ‘लूझ’चा कर्ता माणूस. दाराची बेल काहीही हरवू शकत नाही, म्हणून ‘द डोअरबेल लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट’ हे वाक्य उभंच राहत नाही. बेलीला कर्ता करायचं असेल तर ‘ब्रोक’ किंवा ‘इंटरप्टेड’ घ्यावं. एकच घटना, पण दोन वाक्यांत दोष दोन ठिकाणी जातो: ‘लॉस्ट’ म्हटलं की माणूस स्वतःकडे घेतो, ‘ब्रोक’ म्हटलं की बेलीवर टाकतो. सासूबाई खोलीत आल्या आणि सुनेने लिहिलं ‘शी ब्रोक माय ट्रेन ऑफ थॉट’, तर त्यात तक्रार आहे. ‘आय लॉस्ट’ लिहिलं तर नाही. लिहिणाऱ्याला यातलं काय हवंय ते त्याने ठरवून लिहावं.

‘डिस्ट्रॅक्ट’ या शब्दाची कुळकथा इथे सांगावीशी वाटते. लॅटिनमध्ये ओढण्याला ‘त्राहेरे’ म्हणतात. त्यातूनच फ्रेंचमार्गे ‘ट्रेन’ आली, म्हणजे एका ओळीत ओढत नेलेलं. त्यातूनच ‘डिस्ट्रॅक्ट’ आलं, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना ओढलेलं. विचारांची रांग आणि तिची मोडतोड या दोघी एकाच घरच्या आहेत, हे कळल्यावर शब्दांवरचं प्रेम वाढतं. शेक्सपिअरच्या काळात ‘डिस्ट्रॅक्टेड’ म्हणजे वेडापिसा असाही अर्थ होता. आज तो अर्थ ‘डिस्ट्रॉट’कडे गेला आहे, म्हणून शोकाकुल आईला ‘डिस्ट्रॅक्टेड’ म्हणू नये.

या शब्दाला दोन शब्दयोगी लागतात आणि दोघांचं काम वेगळं आहे. ज्याने ओढलं त्याला ‘बाय’, जिथून ओढलं त्याला ‘फ्रॉम’: फोन‘बाय’, अभ्यासा‘फ्रॉम’. ‘आय ॲम डिस्ट्रॅक्टिंग’ लिहिलं की अर्थ फिरतो. त्याचा अर्थ होतो, मी इतरांचं लक्ष उडवतोय. आणि आपले दोन रोजचे शब्द इथे नक्की दगा देतात. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘मी डिस्टर्ब झालो’. हॉटेलच्या दारावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी असते म्हणून ते इंग्रजीतही तसंच चालेल असं वाटतं. पण स्वतःबद्दल ‘आय ॲम डिस्टर्ब्ड’ लिहिलं की वाचणाऱ्याला काळजी वाटते, कारण त्यातून मानसिक अस्वस्थता सुचते. ‘आय वॉज इंटरप्टेड’ लिहावं. तसंच ‘माइंड डायव्हर्ट झालं’. इंग्रजीत लक्ष ‘डायव्हर्ट’ होतं, रस्ता होतो, पाणी होतं. माणूस ‘डायव्हर्टेड’ झाला तर त्याची करमणूक झाली असाही अर्थ निघतो. ‘कॉन्सन्ट्रेशन तुटलं’ मात्र जसंच्या तसं जमतं, ‘इट ब्रोक माय कॉन्सन्ट्रेशन’.

विचारांची वाट चुकण्याचे प्रकार अनेक, आणि इंग्रजीने प्रत्येकाला वेगळं नाव दिलंय. त्यातलं ‘टँजंट’ फार सुरेख आहे, आणि शाळेत भूमिती शिकलेल्या मराठी माणसाला ते इंग्रजांपेक्षाही लवकर कळावं. टँजंट म्हणजे स्पर्शिका. ती वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करते आणि सरळ निघून जाते. ‘वेंट ऑफ ऑन अ टँजंट’ हे अमेरिकी रूप, ब्रिटिश लोक ‘ऑफ ॲट अ टँजंट’ म्हणतात. एका लेखात एकच धरावं. ते शोभतं केव्हा? विषयांतराला मूळ विषयात एक स्पर्शबिंदू असेल तेव्हाच. पुरणपोळीची कृती सांगताना गुळावरून कोल्हापूरच्या गुऱ्हाळांकडे गेलं, तर ती स्पर्शिका. मधेच दारात कुरिअरवाला आला, तर ती नव्हे. तिथे ट्रेन तुटली.

‘साइडट्रॅक’ मात्र खरोखर रुळांवरचा आहे, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतला. आपल्या रेल्वेत मालगाडी साइडिंगला घालून मेल पुढे काढतात, तेच. मुख्य काम बाजूला उभं राहतं आणि दुसरंच पुढे निघतं. म्हणून ‘गॉट साइडट्रॅक्ड’ लिहिताना दुसरं काम कोणतं हे वाचकाला दिसायला हवं. मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटलाय: पक्षाने अमक्या नेत्याला साइडट्रॅक केलं. इंग्रजीत तिथे ‘साइडलाइन्ड’ लागतं, तो शब्द मैदानावरचा आहे. ‘डिरेल’ जपून वापरावं. रुळावरून घसरलेली गाडी लगेच पुन्हा चालत नाही. वाटाघाटी डिरेल होतात, पाच मिनिटांच्या गप्पा नाहीत. ‘ॲब्सेंट-माइंडेड’ हा बहुतेकदा स्वभाव, एका दुपारचा प्रसंग नव्हे.

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला तर ट्रेन हा शब्दच पटला नव्हता. १८९० च्या आपल्या मोठ्या ग्रंथात तो म्हणतो की साखळी किंवा रांग म्हटलं की तुकडे जोडल्यासारखं वाटतं, जाणिवेला सांधे नसतात, ती वाहते. तिथून ‘स्ट्रीम’, म्हणजे प्रवाह, रूढ झाली. माझ्या मते हॉब्ज आणि जेम्स दोघांचंही खरं आहे, फक्त वेळा वेगळ्या. विचार चालू असताना तो प्रवाह असतो. तुटल्यानंतर मागे वळून पाहिलं की सांधे दिसतात. आणि ‘लॉस्ट’ हा शब्द नेहमी तुटल्यानंतरचा असतो.

आणखी एक मुद्दा, ज्याकडे चांगले लिहिणारेही दुर्लक्ष करतात. हा वाक्प्रचार मुळात बोलण्यातला आहे. बोलणारा मागचं वाक्य पुन्हा पाहू शकत नाही, लिहिणारा पाहू शकतो. ईमेलच्या मधोमध ‘सॉरी, आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट’ लिहिलं, तर वाचणारा म्हणणार, वरच्या दोन ओळी वाच आणि पुढे लिही. कामाच्या पत्रात ते नकोच. लेखनात त्याची जागा दोन ठिकाणी: घडून गेलेल्या प्रसंगाच्या कथनात, आणि पात्राच्या तोंडी.

पात्राच्या तोंडी घालताना विरामचिन्हं निम्मं काम करतात. साताऱ्यातल्या एका इंग्रजी शाळेतल्या इतिहासाच्या बाई घेऊ. “अँड सो, इन १६६६, ही डिसायडेड टू गो टू आग्रा, बिकॉज—” आणि दारात शिपाई नोटीसवही घेऊन उभा. बाहेरून कुणी तोडलं की लांब डॅश. तो अवतरणचिन्हाच्या आत, आणि त्याच्यापुढे पूर्णविराम नाही. बाईच खिडकीबाहेर पाहत गप्प झाल्या असत्या, तर डॅशऐवजी तीन टिंबं. ही दोन चिन्हं अदलाबदल केली की प्रसंगच बदलतो: डॅशमागे कुणीतरी आलेलं असतं, टिंबांमागे कुणीच नसतं. आता बाई सही करून वही परत देतात. इथे लगेच ट्रेन ऑफ थॉट आणू नये. आधी त्या म्हणतील, “व्हेअर वॉज आय?” हे आपल्या ‘कुठे होते बरं मी?’चं तंतोतंत जुळं आहे, आणि त्यात परत येण्याची आशा आहे. पहिल्या बाकावरून उत्तर येतं, “आग्रा, मिस.” एवढ्याने सांधा जुळला तर हरवलं काहीच नाही. त्यानंतरही ‘बिकॉज’च्या पुढचं आठवत नसेल, तरच “नो, आय हॅव लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट”. त्या क्षणी बोलताना ब्रिटिश तोंडी ‘आय हॅव लॉस्ट’, अमेरिकी तोंडी ‘आय लॉस्ट’ही चालतं, नंतर कुणाला सांगताना दोघांकडेही ‘आय लॉस्ट’. पूर्ण वाक्य टाळून ‘आय हॅव लॉस्ट इट’ लिहिण्याचा मोह होतो. मागचा संदर्भ पक्का नसेल तर त्याचा अर्थ डोकं फिरलं, तोल गेला असा होतो, आणि बाई बिचाऱ्या वर्गासमोर चिडलेल्या दिसतात.

हाच प्रसंग मराठीत आणताना ‘माझी विचारांची गाडी चुकली’ नको. ‘विचारशृंखला तुटली’ निबंधात ठीक, साताऱ्याच्या बाईंच्या तोंडी नाही. त्या म्हणतील, ‘काय सांगत होते बरं मी? गेलंच बघा डोक्यातून.’ एका इंग्रजी वाक्याची इथे दोन मराठी वाक्यं झाली तरी बिघडत नाही.

व्यत्ययाचं लेखन कसं करावं, याचा धडा इंग्रज कवी कोलरिजने १८१६ साली ‘कुब्ला खान’ ही कविता छापताना जोडलेल्या प्रस्तावनेत आहे. तो सांगतो, झोपेत दोनशे-तीनशे ओळींची कविता सुचली, जागा होऊन उतरवायला बसलो, तेवढ्यात पॉरलॉक या गावाहून कुणी कामानिमित्त आला आणि तासाभराहून जास्त थांबला. परत येऊन पाहतो तर आठ-दहा विखुरलेल्या ओळी आणि प्रतिमा सोडून बाकी सगळं गेलं. पाहुणा येण्याआधी उतरवलेल्या म्हणून त्याने छापलेल्या ५४ ओळी तेवढ्या आपल्या हाती आहेत. हे खरंच असं घडलं का, याबद्दल अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. पण लिहिण्याची रीत पाहा: कोण आला, कुठून, कशासाठी, किती वेळ थांबला, आधी किती होतं, नंतर किती उरलं. एवढं सांगितल्यावर लक्ष उडालं असं वेगळं म्हणावंच लागत नाही. त्या पाहुण्यावरून ‘अ पर्सन फ्रॉम पॉरलॉक’ हा स्वतंत्र वाक्प्रचार इंग्रजीत रुजला. लिखाण मोडणाऱ्या नकोशा पाहुण्यासाठी तो वापरतात. आधी ‘अ’, पॉरलॉकचा ‘पी’ कॅपिटल, आणि वाचकाला कोलरिज ठाऊक असेल अशाच मजकुरात. एरवी ‘कुणीतरी आलं’ एवढं लिहून पुढे जावं.